लाल लुगडं आणि रविवारची फेरी

लग्नघराच्या दारात चपला जमतात, तसे आमच्या टेबलाभोवती किस्से जमतात. कोणी मुद्दाम आणून देत नाही. पण जो येतो तो जाताना एखादा सोडून जातो, आणि दुपारी आवरायला बसलं की कळतं, अरे, आज तर तीन झाले!

टेबल म्हणजे जालन्याच्या बाहेर जी छोटी हवाई पट्टी आहे, तिथल्या पत्र्याच्या शेडमधलं. विमान चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेचं तिथं केंद्र आहे. आठवडाभर मुलं शिकतात आणि रविवारी सकाळी हौशी लोकांना वरून फिरवून आणतात. विमान चार जणांचं. पुढे एकच पंखा, आतून एखाद्या छोट्या मोटारीएवढं. मी तिथला ऑफिस असिस्टंट. नावं लिहिणं, फॉर्मवर सह्या घेणं आणि उत्साही मंडळींना पंख्यापासून लांब ठेवणं हे माझं काम. माझ्या शेजारी वजनकाट्यावर गफूरचाचा. त्यांनी पस्तीस वर्षं मोंढ्याच्या बाजारात धान्य तोललं, आता माणसं तोलतात. आणि विमान चालवणाऱ्या आमच्या कॅप्टन मॅडम. वय एकोणतीस. मला दत्ताकाका म्हणतात आणि मनात येईल तेव्हा चिडवतात.

चिडवण्याचं कारण आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला दुसऱ्याकडून कळायला नको. चार वर्षांत मी शेकडो लोकांना वर पाठवलं, पण स्वतः एकदाही बसलो नाही. भीती वाटते, दुसरं काही नाही. घरी ट्यूबलाइट बदलायची तर बायको वर चढते आणि मी स्टूल धरतो. इथं विमान उडालं की मी श्वास धरतो आणि चाकं टेकली की सोडतो.

गफूरचाचा म्हणतात, "दत्ताभाऊ, पेट्रोल इमानाला लागतं अन् दमून राह्यले तुमी."

*

छोट्या विमानात वजनाला फार महत्त्व. पुढे कोण बसणार, मागे कोण, हे वजनावरून ठरतं. म्हणून प्रत्येकाला काट्यावर उभं करावं लागतं. मी इतकी वर्षं बघतोय, विमानात चढायला लोक घाबरत नाहीत इतके काट्यावर चढायला घाबरतात.

एकदा शहरातले एक सळईचे व्यापारी सहकुटुंब आले. फॉर्मवर त्यांनी वजन लिहिलं, पंच्याऐंशी. काट्यावर उभे राहिले, तर एकशे चार. मागून शेठाणी वाकून आकडा वाचतायत. शेठ एकदम गरम झाले.

"काटा खराब हाय तुमचा. बिलकुल खराब! कुठून आणला असला भंगार काटा?"

गफूरचाचांनी शांतपणे चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"शेठ, तुमच्याच गोदामातला हाय. हितलं काम सुरू झालं तवा तुमीच भेट दिल्ता."

शेठनी स्वतः वाकून आकडा बघितला. मग खाली उतरले, पुन्हा चढले, पुन्हा एकशे चार.

"मंग बराबर असंल," म्हणाले.

त्या दिवसापासून शेठाणींनी त्यांचा रात्रीचा भात बंद केला. हे शेठनीच सांगितलं, दिवाळीला आमच्याकडे मिठाई घेऊन आले तेव्हा. सांगता सांगता खोक्यातली तिसरी बर्फी त्यांच्या हातात होती.

*

चाचांच्या पहिल्या रविवारची गोष्ट तर मी अजून संस्थेच्या मालकांनाही सांगितलेली नाही.

मोंढ्यात माप घालताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. चाचांनी ती पद्धत इथंही सुरू केली. दिवसाचा पहिला माणूस काट्यावर चढला की खणखणीत आवाजात "लाभ" म्हणायचं आणि मग वजन सांगायचं. त्याला कोणाची हरकत नव्हती. पण मोंढ्याची आणखी एक सवय ते बरोबर घेऊन आले होते, आणि ती आम्हाला माहीत नव्हती.

त्या दिवशी पहिली फेरी करून कॅप्टन मॅडम उतरल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच.

"काका, विमान आज जरा जड वाटलं. वजनं नीट घेतली होती ना?"

"चाचांनी घेतली. पस्तीस वर्षांचा हात आहे," मी म्हटलं.

मॅडम सरळ काट्यावर उभ्या राहिल्या आणि चाचांना म्हणाल्या, माझं लिहा. चाचांनी लिहिलं, बावन्न. मॅडमची दर वर्षी डॉक्टरी तपासणी होते, त्यांना स्वतःचं वजन पाठ असतं.

"चाचा, मी चौपन्न आहे. दोन किलो गेले कुठं?"

"बारदाना कापला ना."

"काय कापलं?"

"बारदाना. पोतं. कपडे, बूट, पर्स, कमरंचा पट्टा. माल तेवढाच धरायचा असतो, मॅडम. पस्तीस साल हाच कायदा चालवला मी. एक दाना इकडं का तिकडं न्हाई झाला."

मी रजिस्टर बघितलं. तिघं प्रवासी, प्रत्येकी दोन किलो. म्हणजे सहा किलो माणसं हिशेबाबाहेर वर जाऊन आली होती! मॅडम नेहमीच भरपूर जागा राखून वजन धरतात, त्यामुळे काही बिघडलं नव्हतं. तरी मी ती बेरीज तीनदा करून बघितली. मॅडम मात्र खुर्चीत बसून पोट धरून हसत होत्या.

शेवटी डोळे पुसून म्हणाल्या, "चाचा, आपलं विमान बारदान्यासकट उडतं."

चाचांना ते एकदम पटलं. त्यांनी पेन्सिल घेतली, सगळे आकडे दुरुस्त केले, आणि त्या दिवसापासून प्रत्येक वजन ते तसंच पुकारतात. "एकाहत्तर, बारदान्यासकट!"

मागच्या महिन्यात एका प्राध्यापिका बाईंनी मला बाजूला घेऊन रागानं विचारलं, "ते गृहस्थ बारदाना कुणाला म्हणाले?"

शेजारी त्यांचे मिस्टर उभे होते. मी मिस्टरांकडे बोट दाखवलं. बाईंचं समाधान झालं.

*

आता आईबद्दल सांगायलाच हवं.

आमचं गाव कुंभार पिंपळगाव. आई तिथंच असते. ही नोकरी लागली तेव्हा मी तिला फोन केला. तिनं विचारलं, "मंग तू बी बसतूस का इमानात?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो तर, दर रविवारी."

का म्हणालो, मला आजही सांगता येत नाही. तिच्या आवाजात इतकं कौतुक होतं की 'नाही' म्हणायला जीभ वळली नाही. झालं! आठ दिवसांत सगळ्या गावाला कळलं, दत्ता इमानात असतो.

आमची रविवारी एक छोटी फेरी असते, शहरावरून, आणि एक मोठी, गोदावरीपर्यंतची. मोठी फेरी जांब समर्थवरून, आमच्या गावावरून नदीवर जाते आणि शहागडच्या पुलाला वळसा घालून परत येते. दहाला उडालं की वीसेक मिनिटांत विमान आमच्या घरावर. हे मीच आईला सांगितलं होतं. दुसऱ्या रविवारी तिचा फोन आला.

"दिसले का रे? गच्चीवरून लाल लुगडं हलवून राह्यल्ते मी."

"दिसलीस की," मी खाली टेबलाशी बसून म्हटलं.

तेव्हापासून एक रविवार चुकला नाही. सव्वादहाला आई गच्चीवर, विमान टेकल्यावर सव्वाअकराला फोन, आणि मी दर वेळी 'दिसलीस'. तिचे गुडघे गेलेले. घराच्या जिन्याला चौदा पायऱ्या, आणि त्याही दगडी. मी म्हणायचो, "आई, नको चढत जाऊ, पडशील." ती म्हणायची, "तुला बघायला चढते. काय होत न्हाई मला."

सत्तरी उलटलेली बाई दुखऱ्या गुडघ्यांनी चौदा पायऱ्या चढून त्या विमानाला लुगडं दाखवायची, ज्यात तिचा मुलगा नसायचाच. तो शेडमध्ये पंख्याखाली चहा पीत बसलेला असायचा. रविवारचा तो सव्वादहाचा चहा मला चार वर्षं कडू लागला. खरं सांगायचं दर रविवारी ठरवायचो आणि दर रविवारी 'दिसलीस' म्हणायचो. कॅप्टन मॅडम आणि चाचा, दोघांनाच हे माहीत होतं. मॅडम म्हणायच्या, "काका, एकदा बसून टाका. खोटं आपोआप खरं होईल." मी म्हणायचो, पुढच्या रविवारी.

*

प्रवाशाला बसताना आम्ही एक कागदी पिशवी देतो. पोटात ढवळलं तर उपयोगी पडावी म्हणून. कशासाठी ते मी तोंडानं सांगतो, पण लोकांचं लक्ष विमानाकडे असतं.

घनसावंगीकडच्या एक मावशी आल्या होत्या. नातवानं वाढदिवसाला हट्टानं बसवलं होतं. फेरी झाली, मावशी हसत हसत उतरल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली. पिशवी जड होती, आणि खालून थोडी तेलकट. मी आपली ती दोन बोटांत धरली, श्वास रोखला आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघालो.

"ओ भाऊ," मावशी मागून धावल्या, "टाकून काय राह्यले? शेंगदाण्याचे लाडू हायेत ते!"

झालं होतं असं, मावशींना वाटलं पिशवी सगळ्यांना भेट म्हणून देतात. मग उतरताना परत मागतात हे शेजारच्या प्रवाशानं सांगितलं. आता कोणाचं भांडं परत द्यायचं तर रिकामं कसं द्यायचं? म्हणून वर, गोदावरीच्या अलीकडे कुठं तरी, मावशींनी आपल्या डब्यातले लाडू काढून पिशवीत भरले होते.

आम्ही तिघांनी ते लाडू खाल्ले. फार चांगले होते. पहिला घास मात्र कोणी घ्यायचा यावर बराच वेळ गेला.

*

मोठ्या फेरीला एकदा शहागडच्या बाजूचे एक नाना आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि हातात नवा कोरा मोबाइल. त्यांना फिरायचं नव्हतं, त्यांना पुरावा हवा होता.

शेजारच्या शेतकऱ्यानं आपला बांध कोरला, असं नानांचं म्हणणं. अकरा वर्षं दोघांत बोलणं बंद. तहसीलला चकरा, मोजणीचे अर्ज, सगळं झालं होतं.

"खालून समजत न्हाई," नाना मला म्हणाले. "वरून फोटू काढतो अन् सायबाच्या टेबलावर आपटतो. बांध कुठं वाकडा झाला ते साऱ्या दुनियेला दिसू द्या."

मॅडमनी त्यांना चांगली खिडकी दिली. शेतावर एक वळणही घेतलं. तासाभरानं विमान टेकलं, मी माझा श्वास सोडला आणि पुढे गेलो. नाना उतरले ते मान खाली घालून. टोपी हातात.

"काय नाना, दिसला का बांध?"

"दिसला."

"वाकडा आहे का?"

"हाय." नानांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "पण आमच्याकडून हाय."

चाचांनी हळूच विचारलं, "फोटू काढला का?"

"काढल्ता. नातवाला सांगून पुसून टाकतो." टोपी नीट घालून नाना म्हणाले, "मोजणी नगं आता. शेवटी शेजारी हाय. समजुतीनं घ्यावं म्हणतो."

पुढच्या हिवाळ्यात नाना पुन्हा आले, बरोबर त्यांच्याच वयाचा आणखी एक म्हातारा. ओळख करून दिली, "हे आमचे शेजारी. ह्यांन्ला बी एकदा वरून दाखवा." मी घाबरलो, म्हटलं आता वरच जुंपते की काय! पण नानांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "बांध सरळ केलाय. बिनधास्त दाखवा."

*

विमानात आवाज फार, म्हणून सगळ्यांना कानावर हेडफोन लावतात. तोंडापुढे माइक असतो. एकाचं बोलणं चौघांना ऐकू येतं. हेही मी आधी सांगतो, आणि हेही कोणी ऐकत नाही.

लग्न ठरलेलं एक जोडपं आलं होतं, महिन्यावर तारीख होती. बरोबर मुलीचे वडील, अतिशय कडक गृहस्थ. वजनाप्रमाणे वडील पुढे बसले, ही दोघं मागे. हवेत गेल्यावर मुलगा प्रेमानं कुजबुजला, "तुझे पप्पा लईच घाबरून राह्यले. बघ, दरवाजाची कडी कशी धरली."

पुढून पप्पांचा आवाज आला, "जावईबापू, ऐकू येऊन राह्यलं."

नंतरची दहा मिनिटं मुलानं माइक मुठीत झाकून धरला होता, असं मॅडम सांगतात. खाली उतरल्यावर मुलगा पांढराफटक. पप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"पोरगा खरं बोलतो," मला म्हणाले. "कडी धरलीच होती मी."

*

मागच्या वर्षी माझाच निकाल लागता लागता राहिला. गावाकडचे एक पाहुणे शेडमध्ये आले. म्हणाले, "दत्ता, वरून आमचं घर दिसत असंल तुला."

"दिसतं ना. पत्र्याचं."

"पत्रं काढून दोन सालं झाले. स्लॅब हाय आता."

मी म्हटलं, "उन्हात चमकतो हो तो. वरून पत्र्यासारखाच वाटतो." पाहुणे खूश होऊन गेले. घरी जाऊन स्लॅबचं कौतुक सांगितलं असणार. चाचांनी त्या दिवशी माझ्याकडे असं बघितलं की मी दुपारचा डबा त्यांच्याकडे पाठ फिरवून खाल्ला.

*

आणि आता या जानेवारीतली गोष्ट.

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन जालन्याला करायचं ठरलं, म्हणून ती महिनाभर माझ्याकडे होती. पट्टी निघाली, डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. घरी आल्यावर तिनं भिंतीवरचं कॅलेंडर पार आतल्या खोलीतून वाचून दाखवलं. मग माझ्याकडे वळली.

"आता लांबचं साफ दिसून राह्यलं. मला इमानात बसव. तुझ्यासंगं. तू दर रविवारी बघतो ते आपलं घर मला बी वरून बघायचंय."

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारू. तिनं सकाळीच विचारलं होतं. मी म्हटलं, विमानात जागा नसते. तर बायको म्हणाली, "तुम्हीच तर म्हणालात, या रविवारी मोठी फेरी अख्खी रिकामी आहे." मी त्या रात्री जेवलो नाही.

रविवारी आई नवं हिरवं नऊवारी नेसून आली. चाचांनी तिला आदरानं हात देऊन काट्यावर घेतलं. "लाभ," म्हणाले, "त्रेचाळीस, बारदान्यासकट." मग माझ्याकडे बघितलं. चार वर्षांत मी त्या काट्यावर चढलो नव्हतो. आईसमोर 'वजन कशाला' असंही म्हणता येईना.

"दोन. शहात्तर," चाचांनी पुकारलं. मग माझा शर्ट पाठीला चिकटलेला बघून हळूच विचारलं, "दत्ताभाऊ, एक किलो घामाचा कापू का?"

विमानाला एकच पायरी, पण आईला ती चढवेना. एका बाजूनं मी, एका बाजूनं चाचा, असं तिला उचलून आत बसवलं. माझ्या तेव्हा काही लक्षात आलं नाही. मी माझ्याच काळजीत होतो. मागच्या सीटवर आई, तिच्याशेजारी मी. पट्टा कुठं अडकवायचा हे मी दर रविवारी लोकांना सांगतो, त्या दिवशी मला ते सापडेना. मॅडमनी मागे वळून तो लावला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "काकांचा पट्टा आज जरा अडकतोय."

पंखा सुरू झाला. पट्टी पळायला लागली. खालची खडखड थांबली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते आणि हाताला जे मिळालं ते धरलं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. हेडफोनमध्ये आईचा आवाज आला, "अगं बाई, केवढं हिरवंगार हाय हे!"

मी एक डोळा उघडला. मग दुसरा. खरं सांगतो, काही झालं नाही. खाली उसाचे, गव्हाचे चौकोन, मध्ये एक पांढरा रस्ता, त्यावरून एक ट्रॅक्टर हळूहळू जात होता. विमान वाऱ्यावर नुसतं डुलत होतं. इतकंच होतं हे! एवढ्यासाठी मी चार वर्षं घाबरत होतो? मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"जांब आलं," मॅडम म्हणाल्या. आईनं खिडकीतूनच समर्थांच्या देवळाला नमस्कार केला. "आता आजी तुमचं गाव. थोडं खाली घेते."

विमान कलंडलं. गावातला चौक, बाजाराचं पटांगण, पाण्याची टाकी. आणि टाकीजवळ आमचं घर. ते मी ओळखलं ते एकाच गोष्टीवरून. गच्चीवर कोणीतरी लाल लुगडं हलवत होतं.

मी आईकडे बघितलं. आई माझ्याशेजारी बसली होती. मी पुन्हा खाली बघितलं. लुगडं हलतच होतं.

"आई, ते कोण?"

"सुमन हाय. शेजारच्या कुंडलिकची सून." आई खिडकीला नाक लावून बघत होती. "महिनाभर मी घरी न्हाई तरी आली बघ. लई गुणाची पोर."

"म्हणजे दर रविवारी..."

"तीच येती. पहिल्यापासून. माझ्यानं कुठं चढवतंय त्या जिन्यावर? तुला सांगितलं न्हाई, तू जिवाला लावून घेशील. म्हणलं, एवढ्या उंचावरून लेकराला कोण हाय ते काय कळतंय."

चार वर्षं माझ्या छातीवर बसलेल्या चौदा दगडी पायऱ्या तिथंच, गावावर, एका झटक्यात उतरल्या. आई एकदाही चढली नव्हती!

विमानानं घरावरून पूर्ण वळण घेतलं. आई अजून खालीच बघत होती. सुमन लुगडं हलवत होती, तिचा पिवळा गाऊन उन्हात स्वच्छ दिसत होता.

"पण दत्ता," आई म्हणाली, "हे तर सारं साफ दिसून राह्यलं रे. मी नऊवारीतली म्हातारी, ती गाऊनमधली पोरगी. चार सालात तुला एकदा बी कळलं न्हाई?"

हेडफोन सगळ्यांच्या कानावर होते. कॅप्टन मॅडम समोरच्या मीटरच्या काट्यांकडे एकदम फार लक्ष देऊन बघायला लागल्या.

आईनं वळून माझ्याकडे बघितलं. मग खाली, स्वतःच्या मनगटाकडे. विमान पट्टीवरून पळायला लागल्यापासून ते मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, बांगड्यांसकट. मी घाईनं हात काढायला गेलो.

"राहू दे," आई म्हणाली. "धर."